आधी मराठीच

तुळजापुरात आमचं घर पुजाऱ्याचं. आमच्याकडं भक्त लॉज शोधत येत नाहीत. ज्या घराण्याचा पुजारी ठरलेला, ते घराणं पिढ्यानपिढ्या त्याच्याच घरी उतरतं. आमची निम्मी घराणी कर्नाटकातली. वडील त्यांच्याशी घरच्यासारखं कानडी बोलतात. मला त्यातलं एकच येतं, "बर्री". म्हणजे, या.

वडिलांना फोनवर ऐकू येईनासं झालं, तेव्हा खोल्यांचं बुकिंग वेबसाइटवर घ्यायचं आम्ही दोघा भावांनी ठरवलं. वेबसाइट करून देणाऱ्या सोलापूरच्या मुलीनं विचारलं, "लॉगिनचं पान आधी कुठल्या भाषेत उघडू दे?"

धाकटा म्हणाला, "इंग्रजीत. बरं दिसतं जरा."

झालं, माझं डोकंच फिरलं. आईच्या दारात इंग्रजीची कसली हुजरेगिरी? आधी मराठीच! मी असं काही भाषण ठोकलं की बायकोनं ठेवलेला चहा गार झाला तरी मी थांबेना. शेवटी धाकट्यानं हात जोडले. कानडीचं नाव आमच्या दोघांच्याही तोंडी आलं नाही. वडील समोरच बसले होते, पण त्यांना कुणी विचारलं नाही. मी मात्र गड जिंकल्यासारखा मिरवत होतो.

कोजागरी आली. दर कोजागरीला बिदरकडची एक आजी आमच्याकडं उतरते, मला कळायला लागलं तेव्हापासून. कुणाला न विचारता ती थेट स्वयंपाकघरात जायची, माठातलं पाणी प्यायची आणि मग तिथूनच सगळ्यांना हाका मारायची. वडिलांनी तिची कोपऱ्यातली खोली झाडून घेतली होती.

"त्यांचं बुकिंगच आलेलं न्हाय," धाकटा म्हणाला.

"त्यास्नी कशाला लागतंय बुकिंग? येतील की," वडील म्हणाले, आणि सकाळपासून दारात खुर्ची टाकून बसले. दुपारी जेवायलाही उठले नाहीत.

मी फुलं आणायला बाहेर पडलो, तर एका लॉजच्या पायरीवर आजी बसलेली. शेजारी तिचा कॉलेजात शिकणारा नातू. मला राग आला. आमचं घर सोडून ही इथं?

"आजी, इथं काय करताय तुम्ही? तिकडं वडील उपाशी बसलेत तुमच्यासाठी!" मी भर रस्त्यात ओरडलो.

आजी दचकून उभी राहिली. नातवानं फोन पुढं केला. फोनवर आमचंच पान होतं. पोराला कानडी येते, इंग्रजी येते, पण मराठी वाचता येत नाही. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत 'भाषा बदला' असं होतं. तेही मराठीतच. ते पान मीच बघून "झकास" म्हटलं होतं.

"नातू बोलला, ह्यात कानडी एक अक्षर न्हाय, हे आपलं घर न्हाय आता. दुसऱ्या कुणी घेतलंय," आजी म्हणाली. मग तिनं माझ्यापुढं हात जोडले. "आमचीच चूक. आमाला मराठी वाचाय येत न्हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओरडलो मी, आणि माफी ती मागत होती. ज्या मराठीसाठी मी एवढा तावातावानं भांडलो होतो, तिच्यातला एक शब्द मला त्या वेळी सुचेना. तिची पिशवी उचलली आणि "घरी चला" एवढंच कसंबसं म्हणालो. वाटेत तिच्याकडं बघायचीही लाज वाटत होती.

वडिलांना आम्ही गल्लीच्या टोकालाच दिसलो. चौकट धरून ते उठायला लागले. "बर्री, बर्री!" त्यांचा आवाज गल्लीभर गेला.

आजी उंबऱ्यापाशी येऊन थांबली. वडील हात पुढं करून उभे होते, पण ती माझ्याकडं वळली आणि पदर सावरत मराठीत म्हणाली, "आत येऊ काय?"