कोबीच्या खारातली टाकी

ऑरेलिया वेस्टरहाइडला ‘हे तुझ्याच्यानं होणार नाही’ असं कुणी म्हणायचा अवकाश, की ते काम झालंच म्हणून समजा. मग ते सरळ होईल की वाकडं, ते सोडा. मी नॉर्बर्ट, तिचा शेजारी. माझा निम्मा जन्म छपरांच्या पन्हळांची भोकं डाख देऊन बुजवण्यात गेला आणि उरलेला कुंपणापलीकडून या बाईची बोलणी खाण्यात. तेव्हा मला ठाऊक असणार नाही तर कुणाला?

आमचं सेंट वाल्बर्ग ओहायोच्या पश्चिम कडेला, जर्मन कॅथलिकांचं गाव. इथे बटाटे लावतात ते गुड फ्रायडेलाच. तेही दुपारी बारा ते तीन, मुकाट्यानं. त्या वेळात इंजिन चालवायचं नाही, तोंड उघडायचं नाही, नुसते हात चालवायचे. माझ्या बापानं बारा वाजले म्हणून एकदा अर्ध्या सरीत घोडा थांबवला होता. तर जमीन नांगरून व्हायला हवी ती बाराच्या आत, आणि आमच्या गल्लीतल्या परसबागा नांगरायच्या ऑरेलियानं, हे ठरलेलंच. तिचा नवरा लिओ एक छोटा बागेचा ट्रॅक्टर मागे ठेवून गेला. गवत कापायच्या यंत्राहून जरा मोठा, एका सिलेंडरचा, मागे एका फाळाचा नांगर. त्यावर बसून ती फाटकाफाटकातून आत शिरायची, बाग उलथायची, मग स्वयंपाकघरात कॉफी प्यायची, आणि कुणाचे गुडघे दुखतात, कुणाची सून रुसली, सगळं घेऊन बाहेर पडायची.

मग तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. ट्रॅक्टर दोन हिवाळे शेडमध्ये पडून राहिला. या वर्षी बर्फ वितळल्यावर ती दोरी ओढून तो सुरू करायला गेली आणि तोल जाऊन पडली. उचलायला धावला तो रँडल, तिच्या भावाचा मुलगा.

लेंटच्या उपासात दर शुक्रवारी चर्चच्या तळघरात तळलेल्या माशांचं जेवण असतं. तिथे रँडलनं विषय काढला.

“आत्या, इंडियानातला एक जण आपला ट्रॅक्टर घेतोय. रंगरंगोटी करून ठेवणार आहे.”

“ठेवणार म्हणजे?”

“बघायला.”

“मग मलाही ठेव की शेजारी. तिकीट लाव.”

सगळं टेबल हसलं. रँडल नाही हसला. वाईट नाही हो पोरगा, घाबरला होता. “पेट्रोलची टाकी आतून सडलीय, आत्या. दोन मिनिटं चालतो नि बंद पडतो. तू पुन्हा दोरी ओढणार, पुन्हा पडणार. हे आता तुझ्याच्यानं होणार नाही.”

झालं! मी हातातला काटा खाली ठेवला.

“गुड फ्रायडेला बाराच्या आत गल्लीतली एकूण एक बाग नांगरून झाली नाही, तर घेऊन जा,” ऑरेलिया म्हणाली.

“तुझी धरून?”

“माझी धरून. आणि झाली, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.”

पाद्रीबाबांपासून माशांवर लिंबू पिळणाऱ्या बायकांपर्यंत सगळ्यांनी ऐकलं. आता मागे फिरायची सोय नव्हती.

घरी चालत येताना मी म्हटलं, “कशाला पैज लावलीस? लोखंडाचा तुकडा तो.”

“हा गेला की मी कुणाच्या फाटकातून आत कशाला जाऊ, नॉर्ब? मग बोलावणं यावं लागेल. म्हाताऱ्या बाईला कोण बोलावतं?”

मी सरळ पाना घेऊन तिच्या शेडमध्ये गेलो.

टाकी मीच सोडवून दिली. पत्र्याची, उशीएवढी. उलटी केली तर आंबूस वासाचं काळपट पेट्रोल आणि तांबडा गाळ भळाभळा बाहेर आला. गंजाचे पापुद्रे इंजिनाकडे जाणाऱ्या बारीक नळीत अडकायचे आणि पेट्रोल पुढे जायचंच नाही. तसली टाकी आता नवी मिळत नाही. “व्हिनेगर भरून ठेव,” मी सांगितलं. “आत साखळीचा तुकडा टाक आणि येता-जाता हलवत जा. गंज सुटेल.” एवढं सांगून मी घरी गेलो, तीच चूक.

गुड फ्रायडेच्या आधीच्या रविवारी, पाम संडेला, चर्चमधली मिसा संपल्यावर तिनं कुंपणावरून हाक मारली. “ये, बघ. आरसा झालाय आरसा!” आत बॅटरी मारली तर खरंच पत्रा लखलखत होता. पण वास आला.

“ऑरेलिया, यात सॉसेज शिजवलंस का?”

“खार घातला. कोबीचा.”

आमच्याकडे प्रत्येक तळघरात आंबवलेल्या कोबीची बरणी असते. तिच्याकडे हिवाळ्यातला खार, म्हणजे बरणीतलं आंबट-खारट पाणी, शिल्लक होता आणि बाटल्या-बाटल्या व्हिनेगर विकत आणायचं म्हणजे बाईच्या जिवावर आलं. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, ही तर आमच्या गावाची रीतच!

“अगं बाई, खारात मीठ असतं!”

“मग? कोबीला चालतं.”

“कोबी पत्र्याचा असतो का?”

“तू लावलेली पन्हळं गळायची, ते आधी आठव,” असं म्हणून ती टाकी उचलून आत गेली.

सोमवारी सकाळी टाकी आतून भोपळ्याच्या रंगाची झाली होती. आंबटानं गंज खाल्ला आणि मागे राहिलेल्या मिठानं दुप्पट आणला. हात दाखवून अवलक्षण! बाई माझ्याशी बोलेना, जणू मीठ मीच घातलं होतं. मंगळवारी मात्र माझ्या पायरीवर टाकी आणि शेजारी व्हिनेगरच्या बाटल्या. “तुझ्या व्हिनेगरला एक संधी देते,” म्हणाली. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही.

दोघांनी आळीपाळीनं टाकी हलवली. आत साखळी खडखडायची, दंड भरून यायचे. बुधवारी गंज उतरला. सोड्याच्या पाण्यानं धुतली, तिच्या केस वाळवायच्या यंत्रानं लगोलग सुकवली, आतून तेलाचा हात फिरवला. पुन्हा तांबूस व्हायला जागा ठेवली नाही.

गुरुवारी सकाळी पाणी भरून पाहिलं, तर तळाच्या शिवणीतून थेंब. मग दुसरा. इतके दिवस गंजच बूच होऊन बसला होता, तो गेला आणि भोकं उघडी पडली.

ऑरेलिया पालथ्या बादलीवर बसली. “संपलं तर मग,” म्हणाली. अगदी हळू.

मला या बाईचा राग यायची सवय आहे, दया यायची नाही. मी खेकसलो, “ऊठ! रडायला उद्या दिवस मोकळा आहे. पाणी राहू दे आत.” टाकी कितीही धुतली तरी पेट्रोलची वाफ कोपऱ्यात दबा धरून बसते. रिकाम्या टाकीला तापलेलं लोखंड लावलं असतं तर आम्हा दोघांचा गुड फ्रायडे गुरुवारीच झाला असता. म्हणून ती पाण्यानं भरून, झाकण आवळून उलटी धरली, शिवण खरवडली, टाकीपासून लांब, अंगणात खार तापवला. हो, आम्ही पत्रेवाले डाख द्यायच्या त्या लोखंडालाही खारच म्हणतो.

“बघ, शेवटी खारच लागला,” ती डोळे पुसत म्हणाली.

“गप बस आणि नीट धर.”

डाख बसला. धुतलं, सुकवलं, तेल फिरवलं, टाकी जागेवर चढवली. संध्याकाळच्या प्रार्थनेआधी मी दोरी ओढली आणि ट्रॅक्टर धडधडू लागला. दोन मिनिटं झाली, पाच झाली, चालतच राहिला. आम्ही दोघं येड्यासारखे नुसते बघत उभे.

शुक्रवारी उजाडताच मी दोरी ओढून दिली आणि ती निघाली. पाद्रीबाबांची बाग, मग श्विटरमान बहिणींची, मग माझी. ओली काळी माती सरीसरीनं उलथत होती. रँडल फाटकापाशी घड्याळ बघत उभा होता. वेळ मजेत पुरला असता. पण कोपऱ्यावरच्या भाड्याच्या घरात ग्वाटेमालाहून आलेलं जोडपं राहायला आलंय. दोघंही कोंबड्यांच्या कारखान्यात कामाला. ती मारिसेला परसात एकटीच कुदळीनं गवताळ जमीन फोडत होती. ऑरेलियानं ट्रॅक्टर आत वळवला.

“अगं, ही आपल्यात नाही!” मी ओरडलो. “वेळ बघ!”

“गल्लीतच राहते ना? तिला बटाटे लावायचे नाहीत?”

कधी न नांगरलेली जमीन ती. फाळ उड्या मारत होता. तासभर तिथेच गेला. मग मारिसेलाच्या दारात काहीतरी गरमागरम मक्याचं खाल्ल्याशिवाय सुटका नाही. मी फाटकात उभा राहून तळमळत होतो.

स्वतःची बाग ती नेहमी शेवटी घेते. निम्म्याहून जास्त झाली होती. कडेची पट्टी तेवढी राहिली, आणि चर्चच्या पायऱ्यांवरून लाकडी खटखटा वाजला. गुरुवारपासून घंटा मुक्या असतात, वेळ सांगतो तो खटखटाच. बारा.

आणखी दोन फेऱ्या मारल्या असत्या तर कुणी फाशी दिलं नसतं. ऑरेलियानं हात पुढे केला आणि इंजिन बंद केलं.

मला रँडलला काय काय सुनवायचं होतं! पण तोंड उघडायची बंदी. त्यालाही तीच. तो न उलथलेल्या पट्टीकडे बघत राहिला, मग आत्याकडे. ती सीटवर ताठ बसली होती, हात मांडीवर. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

रँडल शेडकडे गेला. आता तो ट्रॅक्टर न्यायला साखळदंड आणणार, असं मला वाटलं. फावडं घेऊन आला. कोट काढून कुंपणावर टाकला आणि पट्टीच्या टोकापासून खणायला लागला. त्याची नोकरी कारखान्यात यंत्रापाशी, फावड्याची सवय कुठली? घामानं निथळला, पण थांबला नाही. पट्टी झाल्यावर मी खड्डे केले आणि ऑरेलियानं वाकत, थांबत बटाटे टाकले. तीनपर्यंत कुणी चकार शब्द काढला नाही.

तीन वाजले. ऑरेलियानं कंबरेवर हात ठेवून पट्टीवरून नजर फिरवली.

“सरी वाकडी आलीय तुझी.”

रँडलनं बुटाची माती फावड्यावर आपटली. “पुढच्या वर्षी तूच काढ मग.”