दुर्गातला दुर्ग

दुर्ग शहरात पाहण्याजोगा किल्ला नाही. ही माहिती मला तिथं पोचल्यावर मिळाली. तोपर्यंत मी बायकोला त्याचं वर्णन करून चुकलो होतो. (बुरुजांसकट!)

शेजारच्या भिलाईत तेव्हा कारखाना उभा राहत होता आणि मी तिथं कारकून होतो. कुसुम लग्न होऊन भंडाऱ्याहून आली, तेव्हा पाहण्यासारखं म्हणजे खड्डे, क्रेन आणि चिखल. काही दिवस तिनं ते पाहिलं आणि ट्रंक भरायला घेतली.

"उद्याच्या पॅसेंजरनं मी माहेरी जातो. शहर बांधून झालं की न्याले या."

"कावून? पाहाले लय आहे इथं!"

"काय आहे?"

मला एकच नाव सुचलं. "दुर्ग! नावातच किल्ला आहे. आज दाखवतो. नाही आवडला तर खुशाल जाय."

बाहेर पावसाची झड लागली होती. मी सायकल काढली. मागे कॅरिअरवर बसून कुसुम माझ्या डोक्यावर छत्री धरत होती, म्हणजे मुख्यतः डोळ्यांवर.

"अहो, समोर ट्रक आहे!"

"मले दिसून नाही राहिला!"

"मंग चालवून कावून राहिले?"

दुर्गात पोचताच मी एका रिक्षावाल्याला गाठलं.

"भैया, दुर्ग किधर है?"

त्यानं आम्हाला नीट न्याहाळलं. "यही तो दुर्ग है, बाबूजी."

"ये नहीं. दुर्गवाला दुर्ग!"

"किस मोहल्ले में?"

"अरे, बहुत पुराना! पत्थर का!"

"अच्छा, दुर्गा!" त्याचा चेहरा उजळला. "सीधे जाओ, फिर बाएँ."

सरळ जाऊन डावीकडे वळलो, तर देवीचं देऊळ! कुसुमनं हात जोडले, प्रसाद घेतला आणि शांतपणे विचारलं, "बुरूज कोणता?"

मी पुजारीबाबांना शरण गेलो. म्हातारा गृहस्थ. किल्ल्याचं नाव काढताच हळहळला.

"किला? रिहिस, बेटा. माटी के रिहिस. पानी म बोहागे."

"काय म्हणून राहिले ते?" कुसुमनं विचारलं.

"किल्ला होता म्हणतात," मी भाषांतर केलं. "मातीचा होता. पाण्यात वाहून गेला."

तिनं देवळाबाहेर कोसळणारा पाऊस पाहिला. "आजच काय?"

उद्याची पॅसेंजर आता नक्की, असं मी परतीच्या वाटेवर धरून चाललो. चिखलात सायकल घसरून आम्ही दोघं आडवे झालो, तेव्हा तर खात्रीच पटली! घरी आल्यावर मात्र तिनं ट्रंकेतली लुगडी एकेक करून बाहेर काढली.

मी चाचरत विचारलं, "राहतेस? म्हणजे... आवडलं तुले?"

"आवडाचं काय त्याच्यात? जो माणूस दुर्गात उभा राहून दुर्ग कुठं आहे म्हणून विचारते, त्याले एकटं सोडून मी कशी जाऊ?"

अशा रीतीने आमचा संसार माझ्या मूर्खपणाच्या पायावर उभा राहिला. तो पाया मी आजतागायत कच्चा पडू दिलेला नाही!