रहस्यरावांची साक्ष

धुलाईच्या कारखान्यात रहस्यरावांना त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारणारा एकच माणूस होता, हजेरी घेणारा कारकून. तोही नाइलाजानं मारायचा. बाकी सगळ्यांना ते रहस्यराव. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या ओल्या चादरी इस्त्रीच्या मोठ्या रोलरमध्ये सोडायच्या, हे त्यांचं काम. चादर पलीकडे निघेपर्यंत तोंड मोकळं, आणि रहस्यरावांचं तोंड मोकळं ठेवणं म्हणजे नळ उघडा टाकणं. चहाला उशीर झाला की ते म्हणत, "चहाचं आगमन अद्याप गुलदस्त्यातच आहे." एक पायमोजा सापडला नाही तर "याचा जोडीदार गूढरीत्या बेपत्ता!" मुकादमाच्या पुतणीच्या लग्नाला जाऊन आले आणि सोमवारी सांगू लागले, "वधूच्या चेहऱ्यावर गूढ स्मित होतं, आणि वर सावजावर नजर रोखून उभा होता." मुकादम दोन दिवस बोलला नाही.

ही भाषा त्यांनी शाळेत मिळवली नव्हती. शाळा पाचवीतच सुटली. बापानं हाताला धरून कारखान्यात आणलं आणि बादलीपाशी उभं केलं. पुढं कधी कचेरीत जायची वेळ आली की त्यांची बोबडी वळायची. शिकलेली माणसं घडाघडा बोलत आणि हे आपले टोपी काढलेल्या डोक्यावरून हात फिरवत "ते… म्हणजे… हे…" करत राहत. मग एकदा धुवायला आलेल्या एका कोटाच्या खिशात खुनाची कादंबरी निघाली. मुखपृष्ठ गायब, कोपरे कुरतडलेले. कोटवाल्यानं ती परत मागितली नाही. ओळीवर बोट ठेवून रहस्यरावांनी ती संपवली, आणि दुसऱ्याच दिवशी भाड्यानं पुस्तकं देणाऱ्याच्या दुकानात जाऊन उभे राहिले. "तसलंच द्या," म्हणाले.

शब्दकोश त्यांच्या घरी नव्हता, असता तरी त्यांनी उघडला नसता. त्यांची रीत वेगळी. अनोळखी शब्द भेटला की त्याच्या शेजारीपाजारी कोण बसलंय ते बघायचं आणि त्यावरून त्याचा स्वभाव ओळखायचा. नाहीच ओळखता आला तर सोडून द्यायचा, तो पुढच्या पुस्तकात भेटतोच. रोज खून पाडणाऱ्या लेखकांकडे तरी शब्द असे असतात किती? अशा रीतीनं रहस्यराव श्रीमंत झाले. फक्त एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. ज्या शब्दांशी ओळखच प्रेताच्या उशाशी झाली, ते शब्द कुठेही न्या, त्यांच्या अंगाचा वास जात नाही.

त्यांच्या धाकट्या बहिणीचा नवरा त्याच कारखान्यात सुकवण विभागात होता. रहस्यरावांनीच त्याला चिकटवलं होतं. त्याचं नाव मौनी पडलं होतं. मेहुण्या-मेहुण्यांच्या वाटणीचं सगळं बोलणं रहस्यरावांनी एकट्यानं उचललं होतं, असं लोक म्हणत. संध्याकाळी दोघं बरोबर घरी जात. रस्ताभर एकानं बोलायचं, दुसऱ्यानं "हं" म्हणायचं. दोघांचंही समाधान व्हायचं.

आता मौनीची एक सवय होती. सुकवणीच्या जुन्या यंत्राचं बटण सैल झालं होतं. बंद केलं तरी कधी कधी आपोआप घसरून चालू व्हायचं. मौनीनं मुकादमाला सांगितलं, पुन्हा सांगितलं. मुकादम म्हणाला, "होईल." ते काही झालं नाही. म्हणून मौनी रोज सगळे गेल्यावर परत आत जायचा, बटण बघायचा आणि मगच फाटकापाशी यायचा. तिथं रहस्यराव वाट बघत उभे असत.

एका संध्याकाळी तो तसाच आत गेला, बटण बंद असल्याचं बघून बाहेर आला, दोघं घरी गेले. त्यांच्यामागे बटण घसरलं आणि सुकवण विभाग पेटला. माणूस कोणी दगावलं नाही, पण एका मोठ्या हॉटेलचे पडदे जळून राख झाले. चौकशी बसली. मुकादम म्हणाला, "बटण ठणठणीत होतं. शेवटी आत कोण गेलं होतं ते विचारा." शेवटी आत मौनी गेला होता. मौनी विचारल्याशिवाय बोलत नसे, आणि विचारल्यावर तर त्याहून कमी. मुकादम सोडला तर खरं काय ते ठाऊक असलेला दुसरा माणूस एकच, रोज फाटकापाशी उभा राहणारा.

साक्षीच्या आदल्या संध्याकाळी बहीण रहस्यरावांकडे आली. उभ्या उभ्याच म्हणाली, "दादा, एवढंच सांग. बटण सैल होतं, हे रोज बघायला जायचे, त्या दिवशीही तेवढ्यासाठीच गेले. बाकी एक अक्षर नको."

"अगं वेडे, साक्ष अशी देतात होय?" रहस्यराव हसले. "ऐकणाऱ्याला आधी बांधून ठेवावं लागतं. आधी संशय गडद करत न्यायचा, गडद, अजून गडद, आणि शेवटी एका झटक्यात निरपराध सिद्ध! मग बघ परिणाम."

"परिणाम नको दादा. नोकरी राहू दे."

"तू निर्धास्त जा."

मालकाच्या खोलीत टेबलामागे चौकशी अधिकारी बसले होते. मुख्य कचेरीतून आलेले, सर्दीनं बेजार, हातात रुमाल. शेजारी टंकलेखिका. एका खुर्चीत मुकादम. कोपऱ्यात मौनी, हात गुडघ्यांवर. अधिकारी चांगले होते बिचारे. म्हणाले, "घाबरू नका. तुमच्या शब्दांत सांगा."

आता रहस्यरावांचे स्वतःचे शब्द म्हणजे घरी वापरायचे. त्यांची त्यांना लाज वाटे. ते त्यांनी घरीच ठेवले होते.

"साहेब," त्यांनी घसा साफ केला, "ती संध्याकाळ काळीकुट्ट होती."

वास्तविक त्या संध्याकाळी ऊन चांगलं चटचटत होतं. पण टंकलेखिकेनं लिहिलं.

"सर्वत्र भयाण शांतता पसरली होती. एवढ्यात दबक्या पावलांनी एक आकृती सुकवण विभागाकडे सरकली."

"कोणाची आकृती?"

"तो क्षण पुढं यायचाय साहेब."

"आत्ताच येऊ द्या."

"माझ्या बहिणीच्या नवऱ्याची."

तिथली फरशी साबणानं निसरडी असते, सगळेच तिथं जपून पाय टाकतात. पण हे रहस्यरावांनी शेवटासाठी राखून ठेवलं होतं.

"दारापाशी थबकून त्यानं सावधपणे चौफेर नजर फिरवली." कपड्यांच्या ढकलगाड्या येतात, न बघता पुढं गेलं तर नडगी फुटते. हेही शेवटासाठी. "चेहरा मात्र निर्विकार! जणू घडणार होतं त्याचा त्याला मागमूसच नव्हता. काही वेळानं तो बाहेर पडला तेव्हा त्याच्या ओठांवर समाधानाची अस्फुट रेषा उमटली होती."

अधिकाऱ्यांचा रुमाल नाकाशीच राहिला. टंकलेखिकेची बोटं धावत होती. मुकादम छताकडे बघत होता. कोपऱ्यातल्या मौनीनं मान वर केली आणि मेहुण्याकडे टक लावून पाहिलं. रहस्यरावांना वाटलं, याचीही उत्कंठा ताणली गेली! आयुष्यात कधी एवढी मोठी माणसं त्यांचं बोलणं एवढं कान देऊन ऐकत बसली नव्हती. उलगड्यापूर्वी लेखक प्रकरण तोडतो तसे ते थांबले, आणि पाण्याचा पेला उचलून सावकाश एक घोट घेतला.

"पुरे," अधिकारी म्हणाले. "कळलं."

पेला ओठांशीच अडकला. "साहेब, खरा उलगडा राहिलाय!"

"तो आम्ही करू. जवळचं नातं असून इतकं स्पष्ट सांगितलंत, याचं कौतुक आहे."

"अहो, बटण सैल होतं! हा रोज बघायला जायचा! पेटवायला नव्हता गेला, बंद आहे का ते बघायला गेला होता!"

"हे आता सुचलं?"

"सुचलं नाही साहेब, राखून ठेवलं होतं!"

मुकादमानं पहिल्यांदाच तोंड उघडलं. हळहळत म्हणाला, "नातं आडवं आलं साहेब. माणूसच आहे."

टंकलेखिकेनं विचारलं, "हे लिहू?"

"लिहा. साक्षीदारानं नंतर शब्द फिरवला."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. त्याच आठवड्यात मौनीला काढून टाकलं. सुकवण विभागात नवं यंत्र आलं, नव्या घट्ट बटणाचं. ते बसवताना मुकादम स्वतः उभा होता. रहस्यराव कचेरीत खेटे घालू लागले, पण हे सगळं वरातीमागून घोडं. कारकून म्हणाला, "जबाब तुमचा, सही तुमची. आणि खरं सांगू? असा जबाब या कचेरीत आला नव्हता. एक शब्द बदलावा लागला नाही!" मुकादमही जाता जाता म्हणाला, "बोलता मात्र झकास हं तुम्ही." रोलरपाशी आता त्यांच्या समोर उभं राहायला कोणी तयार होईना. न जाणो, उद्या यांनी आपल्याला पाहिलं तर!

बऱ्याच दिवसांनी ते बहिणीकडे गेले. मौनी आता बाजारात पोती उचलायचा. ओट्यापाशी बहीण कांदा चिरत होती. बस म्हणाली नाही. रहस्यराव दाराशीच उभे राहिले.

"दादा, त्यांना तुला एक विचारायचंय. ते विचारणार नाहीत, म्हणून मी विचारते. तुला ते खरंच तसे दिसले होते?"

रहस्यरावांनी श्वास घेतला. "त्याचं असं आहे, त्या संध्याकाळी…"

बहिणीनं सुरी खाली ठेवली. "हो की नाही?"

रहस्यरावांनी टोपी काढली आणि डोक्यावरून हात फिरवला.

"नाही."

"मग कसे दिसले होते?"

"घरी जायच्या घाईत," रहस्यराव म्हणाले. "रोजच्यासारखा."

बहिणीनं मान हलवली आणि पुन्हा सुरी घेतली. मधल्या पडद्यामागे खाट करकरली. मौनी आतच होता, त्यानं सगळं ऐकलं होतं. रहस्यराव वाट बघत उभे राहिले. तो बाहेर आला नाही.