सोळा शनिवार

माझ्या आईनं सोळा सोमवार केले होते, कडक उपास धरून. मी आणि माझ्या प्रोजेक्टमधल्या जोडीदारणीनं सोळा शनिवार एका दुपारीत उरकले, समोसे खात खात.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्टची डायरी ठेवावी लागायची. दर शनिवारी गाइडला भेटायचं, आठवड्यात काय काम झालं ते एका पानावर लिहायचं आणि खाली त्यांचा शेरा अन् सही घ्यायची. असं नियमानं करणारं कोणी मी तरी पाहिलं नाही. आमचं सॉफ्टवेअर रायपूरच्या गुढियारी भागातल्या धान्याच्या गोदामासाठी होतं. कोणता ट्रक आधी आला, कोणाचा नंबर पहिला, एवढंच ते सांगायचं. मी तीन महिने डोकं फोडून ते लिहिलं होतं आणि ते चालत होतं. मग कागद कशाला रंगवायचे, असा माझा तोरा. नियोजनाचा तक्तासुद्धा आम्ही काम संपल्यावर काढला. वरात घरी आल्यावर पत्रिका जुळवायला बसावं, तसा प्रकार.

सोमवारी व्हायवा होती आणि सहीची डायरी नसेल तर बसू देणार नव्हते. व्हायवा गेली की वर्ष गेलं. नव्या रायपुरातली एक नोकरी मला मिळाली होती, पण पास झाल्याचा कागद दाखवला तरच. बाबा त्याच वर्षी रेल्वेतून रिटायर होणार होते. त्यांनी साऱ्या क्वार्टरात पेढे वाटून टाकले होते, म्हणून मला जास्तच धास्ती.

माझी जोडीदारीण ब्राह्मणपारा मोहल्ल्यातली. अक्षर मोत्यासारखं, आणि खोटेपणातही भारी नेटकी. गुरुवारी दुपारी आम्ही सोळा पानं मनानंच रचायला बसलो, तेव्हा तिनं कॅलेंडर उघडून एकेक शनिवार तपासला. दिवाळीचा वगळला, सरकारी सुट्टीचा वगळला, पानागणिक पेन बदलला. "अब कोई नहीं पकड़ सकता," ती म्हणाली. मीही मान डोलावली.

शुक्रवारी सह्या घ्यायला गाइड सरांच्या खोलीत गेलो. सर मूळचे वर्ध्याकडचे, माझ्याशी घरच्यासारखं मराठीत बोलायचे. त्यांनी पेन काढला आणि भराभर सह्या करत सुटले. पाच, सहा, सात. आठव्या पानावर पेन थांबला.

त्यांनी हळूच वाचलं, "अकरा वाजता मार्गदर्शकांना भेटलो. डेटाबेसच्या रचनेवर चर्चा. मार्गदर्शकांनी समाधान व्यक्त केलं."

मी तारीख पाहिली. त्या शनिवारी सकाळी सरांच्या पत्नी गेल्या होत्या. आमचा सगळा वर्ग त्यांच्या घरी होता. शेजारच्या घरातून चहा आणून मीच साऱ्यांना दिला होता. सरांच्या हातातला कप तसाच निवून गेला, तोही मीच परत घेतला होता. कॅलेंडरात हे कुठे छापलेलं असणार?

"तू होती ना त्या दिवशी घरी?" सरांनी विचारलं.

"हव सर."

"मंग हे काहून लिहिलं?"

जोडीदारीण रडायला लागली. मला मात्र घाबरले की राग येतो, ही माझी जुनी खोड. "सर, सगळेच असं लिहितात," मी म्हणून गेले. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

सर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. "सगळे लिहितात, मले माहीत आहे. मी बी डोळे मिटून सही करूनच राहिलो होतो ना," ते म्हणाले. "पण त्या दिवशी अकरा वाजता मी समाधानी होतो?"

सरांनी ते पान डायरीतून काढलं आणि एक कोरं पान पुढे सरकवलं. "खरं काय झालं ते लिहून दे. नाही तर सही नाही."

नेटक्या अक्षराची जोडीदारीण पेन धरायच्या अवस्थेत नव्हती. मीच लिहिलं, माझ्या गिचमिड अक्षरात. "काम झालं नाही. सरांच्या पत्नीचं निधन झालं. आम्ही त्यांच्या घरी होतो." ती तीन वाक्यं मला अख्ख्या प्रोग्रॅमपेक्षा जड गेली. आता हे पान बाहेरच्या परीक्षकापुढे जाणार, हे कळत होतं, पण दुसरं काही लिहिण्याची हिंमत उरली नव्हती.

सरांनी वाचलं. मग शेऱ्याच्या जागी काहीतरी लिहिलं, सही केली, उरलेल्या पानांवरही केली आणि डायरी मिटून आमच्याकडे दिली. "जा आता. सोमवारी टायमावर या."

बाहेर व्हरांड्यात आलो. व्हायवा वाचली होती, नोकरी वाचली होती, तरी मला हायसं वाटेना. जोडीदारणीनं डोळे पुसत ते पान उघडलं. बाकी प्रत्येक पानावर सरांचा एकच शेरा होता, "समाधानकारक". इथे त्यांनी लिहिलं होतं, "दोघीही हजर होत्या."