येताना जेवून या

“एवढं एक होऊ द्या मॅडम, मंग माहीच बारी.”

हे वाक्य बाई उभ्या उभ्या बोलत. बसून बोललेल्या मला आठवत नाहीत, कारण बाई बसतच नसत, नुसत्या टेकत. एक गुडघा वर, एक हात जमिनीवर, म्हणजे कोणी हाक मारली की उठायला सोपं. आणि हाक यायचीच. तुम्ही म्हणाल, अशी एक आमच्याही आळीत आहे. असेल हो. पण तुमच्या आळीतलीनं तुम्हाला इतका ताप दिला नसेल, जितका या बाईंनी मला दिला.

मी तेव्हा सावली तालुक्यातल्या एका गावी प्राथमिक शाळेत शिकवत होते. शाळेच्या आवारातच अंगणवाडी, आणि बाई तिथल्या सेविका. माझी भाड्याची खोली होती तीही त्यांच्या घराला लागून. म्हणजे दिवसा भिंतीपलीकडे बाई, संध्याकाळी कुंपणापलीकडे बाई. सुटका नव्हती.

पोरांची वजनं घेणं, खाऊ शिजवून घेणं, मोबाइलमध्ये माहिती भरणं, लसीकरणाच्या दिवशी घरोघरी जाऊन आयांना काढून आणणं, हे त्यांचं काम. ते त्यांनी केलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण कोणाचं सिलेंडर संपलं की बाई, कोणाची म्हैस सुटली की बाई, कोणाच्या सुनेनं रुसून दार लावून घेतलं की ते उघडायलाही बाई. घरी सासू होती, पायानं अधू पण आवाजानं ठणठणीत. यजमान शेतावर. दोघांनाही पाण्याचा तांब्या बाईंच्याच हातचा लागायचा.

महिन्यातून एकदा गावातल्या गरोदर बायांना जमवून त्या फार झकास बोलत. “आधी सोताले पाहा. जेवन टायमावर करा. दुपारी घटकाभर आडव्या व्हा. तुमी पडल्या तर घर पडन.” मी एकदा दारात उभी राहून ऐकत होते. सगळ्या गेल्यावर म्हटलं, बाई, हे तुम्हाला नाही का लागू? तर त्या मलाच विचारतात, “मी कुठी गरोदर आहो?”

कपाळावर हात मारून घेतला मी. दुसरं काय करणार?

आता मुद्द्याचं सांगते. बाईंचा आवाज गोड होता. नुसता गोड नाही, कसलेला. त्यांचे वडील नाटकात पेटी वाजवायचे आणि आमच्या झाडीपट्टीत नाटक म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते, म्हणजे एक दिवसाची जत्राच, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. बाई लहानपणी वडिलांच्या मांडीशी बसून सगळी पदं शिकल्या. स्टेजवर उभं राहायचं हे त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं होतं. पण आधी वडील नाही म्हणाले, मग लग्न झालं, मग सासरचे नाही म्हणाले, आणि पुढं पुढं कोणी नाही म्हणायचीही गरज उरली नाही. डाळ निवडताना गाण्यावर येऊन गोष्ट थांबली.

आमच्या गावात रात्री वडशाच्या कंपनीचं तिकिटाचं नाटक असे. गावच्या हौशी मंडळींचं मात्र दुपारी. आजूबाजूच्या वस्त्यांवरचे लोक जंगलातून चालत परत जातात, आणि वाघाला नाटकाचं वेळापत्रक कोणी सांगावं? म्हणून अंधाराआधी पडदा पडलेला बरा. हे हौशी नाटक बसवायचं काम माझ्या गळ्यात होतं. बायांच्या भूमिकांसाठी दरवर्षी बाहेरून नटी आणत. त्या वर्षी मी मंडळाला स्पष्ट सांगितलं, मोठ्या बहिणीची भूमिका गावातली बाई करेल, नाहीतर मी नाटकच बसवत नाही. मंडळी कुरकुरली. सासूबाईंनी चार दिवस तोंड फुगवलं. यजमान म्हणाले, “करून घेऊ दे, किती दिवसाचं तिच्या मनात आहे.” ते एवढं बोलले हेच पुष्कळ होतं.

बाईंना सांगितलं तर त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं आणि मला वाकून नमस्कार केला. माझ्याहून वयानं मोठी बाई. मला इतकं लाजल्यासारखं झालं की मी त्यांच्यावर ओरडलेच.

मग सुरू झाली तालीम, आणि माझ्या डोक्याचा भुगा. समाजमंदिरात सगळे जमायचे, पेटीवर सावलीचे टेलर चाचा येऊन बसायचे, आणि बाई नाहीत. बोलावणं धाडलं की निरोप यायचा, एवढं एक होऊ द्या. आल्या तर धावत, हाताला कणिक, आणि निम्मं लक्ष दाराकडे. पदाच्या मध्यातच आठवण व्हायची की भात चुलीवर आहे. चाचा शांत माणूस, पण एक दिवस तेही पेटीचा भाता बंद करून म्हणाले, “सूर सही है, बाई. बस साँस नहीं ले रही हो.”

बाई म्हणाल्या, “घेतो ना चाचा, घरी जाऊन.”

संवाद पाठ करायला वेळ नाही, म्हणून त्या अंगणवाडीत पोरांना खाऊ वाढता वाढता घोकायच्या. व्हायचं तेच झालं. एक दिवस तालुक्याच्या पर्यवेक्षिका तपासणीला आल्या. त्यांनी एका चिमुरडीला प्रेमानं विचारलं, बाळा, बाईंनी काय शिकवलं? ती उठून उभी राहिली, छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, “सावकार, माझं कुंकू मला परत द्या!” तिच्यामागून अख्खी अंगणवाडी वाट्या आपटत सावकाराकडं कुंकू मागायला लागली. पर्यवेक्षिका हसल्या म्हणून निभावलं.

इतकं असूनही पद असं बसलं होतं की ऐकताना अंगावर काटा यायचा. बहिणीनं सगळं घर ओढलं, आणि आता भाऊच तिला दार दाखवतोय, असा तो प्रसंग. बाई ते गायला लागल्या की कुरकुरणारी मंडळीसुद्धा चूप बसत. मला वाटलं, चला, आता काही होत नाही.

आणि तिथंच बाईंनी घोटाळा केला. आनंदाच्या भरात त्यांनी सगळ्या नातलगांना निरोप धाडले, मी नाटकात आहो, पाहाले या. माहेरचे, नणंदेकडचे, मावशीकडचे, दिराच्या सासरचे. आता तुम्हीच सांगा, आमच्याकडं मंडईला पाहुणा बोलावला म्हणजे काय? त्याला घरी जेवू घालायचं. नुसतं नाटक पाहून जा म्हटलं तर सात पिढ्यांचं नाव जाईल. हे ऐकून मी तडक त्यांच्या दारात गेले. म्हटलं, बाई, हे सगळे आले तर रांधणार कोण? त्या म्हणाल्या, सकाळी लवकर उठून उरकते हो.

मंडईच्या दिवशी दुपारी पडदा वर गेला. पहिला अंक रंगला. दुसऱ्यात बाईंची एंट्री, आणि रंगपटात बाई नाहीत. मी प्रॉम्प्टिंगचं पुस्तक दुसऱ्याच्या हातात कोंबलं आणि त्यांच्या घरी धावले. अंगणात पंगत बसलेली. बाई चेहऱ्याला रंग लावून, नाटकाचं लुगडं खोचून, कढईसमोर लाखोळीच्या डाळीचे वडे तळत होत्या. घामानं रंग गळ्यापर्यंत ओघळला होता.

“एवढी पंगत उठू द्या, मॅडम.”

माझा तोल गेला. त्यांच्या हातातला झारा मी हिसकावला. पंगतीतले एक पाहुणे तोंडातला घास सांभाळत म्हणाले, मंग वडे कोन काढन? म्हटलं, तुमचे हात काय गहाण पडले आहेत? तिला पाहायला आलात ना तुम्ही? सगळे माझ्याकडं बघत राहिले, उठलं मात्र कोणी नाही. शेवटी भिंतीला पाय पसरून बसलेल्या सासूबाई सरकत सरकत चुलीपाशी आल्या आणि म्हणाल्या, “ने तिले. मी बसल्या बसल्या काढतो.”

मी बाईंना मनगटाला धरून ओढत नेलं.

आणि काय गायल्या हो! मी पडद्यामागं उभी होते, मला पुस्तकातली अक्षरं दिसेनाशी झाली. मांडवात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. पण मांडवात त्यांच्या घरचं कोणी नव्हतं. सगळे पंगतीत होते. पुढं सावकाराच्या प्रवेशात मांडवाच्या तोंडाशी नणंद दिसली. आत्ताच गाडीतून उतरलेली, खांद्याला पिशवी, स्टेजवर वहिनीला पाहून जागच्या जागी थांबलेली. बाईंनीही तिला पाहिलं. आणि सावकाराच्या पायाशी पडून रडता रडता या बयेनं एक हात मागं नेऊन नणंदेला खुणावलं, घरी जा, आधी जेवून घे. नणंद गेली. जी एक आली होती, तिलाही हिनंच हाकललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे निघाले. जो तो वड्यांची तारीफ करत होता. गाण्याचं काय, असं मीच खवचटपणे विचारलं. एकजण म्हणाले, ऐकलं ना, भोंग्यातून आवाज येत होता, जेवता जेवता ऐकलं, छान होतं. बाई हसून सगळ्यांच्या पाया पडल्या, पोरांच्या हातावर खाऊ ठेवला, फाटकापर्यंत गेल्या. मग येऊन कढई घासायला बसल्या.

“मॅडम,” खाली मान घालून त्या म्हणाल्या, “मी सगळ्यायले माहं नाटक पाहाले बोलावलं होतं.”

मला इतका राग आला होता की धीर द्यायचा सोडून मी भांडले. म्हटलं, तुम्हीच जेवायला बसवलं, तुम्हीच परत पाठवलं, आता कोणावर रुसता? त्या नुसती कढई घासत राहिल्या. ती केव्हाच स्वच्छ झाली होती.

त्या उन्हाळ्यात माझी बदली मुलचेऱ्याला झाली. फोन व्हायचा अधूनमधून, पण बोलणं पुरं व्हायचं नाही, पलीकडून कोणी ना कोणी त्यांना हाक मारायचंच. मी मनाशी म्हटलं, जाऊ दे, ही बाई सुधारायची नाही. मग दिवाळीच्या आत एका संध्याकाळी त्यांचा फोन आला.

“मॅडम, यंदाही मीच आहो नाटकात. मंडईले या.” आणि जरा थांबून, “येतांना जेवून या. माह्या घरी चूल पेटनार नाई. सगळ्यायले तेच सांगून राह्यली मी.”

मुलचेऱ्यात माझ्या शेजारी राहणाऱ्या बाई मूळच्या आमच्याच भागातल्या. त्यांना हे सांगितलं तर त्या गालाला हात लावून म्हणाल्या, मंडईले बोलावून असं कोनी म्हनते का, अपमान झाला हा तुमचा. मी म्हटलं, असा अपमान माझा जन्मात कोणी केला नव्हता, आणि मंडईच्या दिवशी भाकरी बांधून पहाटेच्या गाडीला बसले. गाड्या बदलत, वाटेत एका स्टँडवर ती खाऊन, दुपारी गावात पोचले.

बाईंच्या दाराला कुलूप होतं. मंडईच्या दिवशी, भरदुपारी, कुलूप. मांडवात सगळ्यात पुढं सासूबाई खुर्चीवर बसल्या होत्या आणि शेजारी नणंद, मांडीवर रिकामा डबा. मला पाहून सासूबाई गरजल्या, “जेवून आली ना?”

रंगपट आमच्या शाळेच्याच वर्गात होता. आत बाई चटईवर आडव्या झाल्या होत्या. चेहऱ्याला रंग, कपाळावर मोठं कुंकू, पायांवर चाचांची शाल. गाढ झोपल्या होत्या. मी त्यांना झोपलेलं कधी पाहिलंच नव्हतं. चाचा कोपऱ्यात पेटी पुसत होते, त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. पडदाच अजून वर जायचा होता, बाईंची एंट्री तर दुसऱ्या अंकात.

तेवढ्यात बाहेर चपला वाजल्या. कोणी उशिरा आलेले पाहुणे होते, हातात पिशव्या, तोंडावर वैताग. दारातूनच त्यांनी विचारलं, “बाई कुठी आहे? घराले कुलूप आहे, चाबी पाहिजे होती.”

“बाई इथं नाहीत,” मी म्हटलं, आणि दार लावून घेतलं.