फोनवरच्या सभेच्या बाई

"थांबा, आवाज पोचू द्या," असं म्हणून त्या बाई तळहात वर करायच्या. फोनवर म्हणायच्या ते ठीक. पण समोर ओसरीवर बसून चहा पिताना कुणी मधेच तोंड घातलं, तरी तळहात वर. माणूस गप्पच व्हायचा. मला गप्प करणारा हात माझ्या उभ्या आयुष्यात तेवढा एकच.

बाई इंदापूरच्या. तिशी ओलांडलेली, स्कूटरवर यायच्या, तोंडाला ओढणी घट्ट बांधलेली, पाठीवर वायरींची पिशवी. पुण्यात कंपन्यांच्या फोनवरच्या सभा जोडून देण्याचं काम करत होत्या, ते सोडून गावाकडं आल्या. त्यांचं इकडचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे आमचा डाळिंबवाल्यांचा गट. वीस-बावीस सभासद, कुणी आमच्या पिंपळीचा, कुणी पार इंदापूरच्या पलीकडचा. कुणी किती क्रेट माल तोडायचा हे ठरवायला दर खेपेला बारामती गाठावी लागायची. बाईंनी एक नंबर दिला. सकाळी सातला तो लावायचा, चार आकडे दाबायचे, की सगळे एका सभेत. माल घेणारे पुण्याचे साहेबही त्यातच.

मी चौथी नापास. पण आकड्यांत मला अजून कुणी हरवलेलं नाही. पहिल्याच दिवशी बिनचूक नंबर लावला.

नंबर लागला की एक यंत्र नाव विचारायचं. आपण जे बोलू ते साठवून सगळ्यांना ऐकवायचं. पहिल्या सकाळी ते काय बोललं, ऐका. "हॅलो हॅलो, कोन बोलतंय, सामील झाले." मग, "मी हाय की, सामील झाले." मग माझी पाळी. माझ्या मागं गोठ्यात गडबड होती. यंत्र म्हणालं, "आरं म्हस सुटली, धर, सामील झाले."

बाई हसल्या नाहीत. सभा संपल्यावर एकेकाला वेगळा फोन करून समजावलं. मला म्हणाल्या, "आबा, फक्त नाव सांगायचं. म्हैस नको."

चूक चारचौघांत काढायची नाही, ही त्यांची रीत. ती पुढं माझ्याच कामी आली.

महिनाभर सभा झाल्या, आणि मग फोन किंचाळायला लागला. कुईऽऽ असा आवाज, कानात खिळा ठोकल्यासारखा. पुण्याचे साहेब वैतागले. म्हणाले, "शुक्रवारी नीट ऐकू आलं तर ठीक, नाहीतर आम्ही दुसऱ्या गटाचा माल घेतो." गटाच्या चेअरमननं बाईंना सांगून टाकलं, "मॅडम, मग तुमचं कामही बंद."

बाई सगळ्यांना सांगायच्या, बोलायचं नसेल तेव्हा अमुक बटण दाबून आपला आवाज बंद ठेवा. मी म्हणालो, "मी सभासद हाय. माझं तोंड मी बंद करनार न्हाय."

गुरुवारी त्या इंदापुराहून स्कूटरवर थेट आमच्या ओसरीवर. आदल्या सकाळी त्यांनी एकेकाला सभेतून बाजूला करून पाहिलं होतं. मला काढलं की किंचाळणं थांबे. आणखी एकाला काढलं तरी थांबे. तो आणखी एक म्हणजे माझा धाकटा भाऊ.

आता हे तुम्हाला सांगायला हवं. पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून आमचं बिनसलं होतं. नऊ वर्षं बोलणं बंद. ओसरीच्या मधोमध कमरेएवढी भिंत. अलीकडं मी, पलीकडं तो. मला ऐकू कमी येतं म्हणून मी स्पीकर लावायचो. मी लावला म्हणून महिन्याभरानं त्यानंही लावला.

बाईंनी ओढणी सोडली, भिंत पाहिली, इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. "आबा, तुमच्या फोनला काही झालं नाही. तुमच्या भावाच्याही नाही."

"मला भाऊ न्हाय."

"बरं. पलीकडच्या सभासदाच्याही नाही. तुमच्या फोनातला आवाज त्यांच्या फोनात शिरतो, त्यांचा तुमच्या. दोघांत गरगर फिरतो आणि ओरडतो. एकानं आत बसलं की झालं."

"मी का आत जाऊ? ओसरी माझी हाय."

पलीकडून आवाज आला, "मॅडम, त्यास्नी सांगा, ओसरी माझी बी हाय."

बाईंनी तळहात वर केला. आम्ही दोघंही थांबलो. त्यांनी ना हात जोडले, ना स्वतःचं काम जाईल म्हणून रडगाणं लावलं. पिशवीतून एक काळी गोल डबी काढली आणि भिंतीवर मधोमध ठेवली. "ही चारी बाजूंनी ऐकते. दोन्ही फोन बंद ठेवा, सकाळी फक्त ही चालू करा."

"नाव कुनाचं येनार?" मी विचारलं. पलीकडंही तोच प्रश्न असणार, कारण खाट करकरली.

"ते मी भरते," म्हणाल्या, आणि डबीवर वाकून काहीतरी बोलल्या.

शुक्रवारी सात वाजता आमच्या आवाजाऐवजी बाईंचाच साठवलेला आवाज आला, "पिंपळीचे दोघे." मग यंत्र म्हणालं, "सामील झाले."

किंचाळणं नाही, काही नाही. मग इंदापूरकडचा एक म्हातारा म्हणाला, "कोन दोघं? पिंपळीत तर दोन एकटे हायत." सगळी सभा हसली.

साहेबांनी विचारलं, "पिंपळी, किती क्रेट?"

मी म्हणालो, "चाळीस."

पलीकडून, "तीस."

"तिथं गाडी एकच येणार. एकच आकडा द्या."

वीस घरं कान लावून होती. बाईही ऐकत होत्या. मी मान वळवली. धाकट्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या, मला पत्ताच नव्हता.

"मोजून सांगतोयस का अंदाजानं?"

"मोजून," तो म्हणाला. "तुझ्यावानी न्हाय."

"सत्तर," मी डबीला सांगितलं.

गटही टिकला, बाईंचं कामही टिकलं. त्यांच्यामागं आणखी चार-पाच गट लागले.

दोन वर्षांनी बाईंच्या यजमानांची बदली नाशिकला झाली. निरोप घ्यायला आल्या तेव्हा भिंतीच्या दोन्ही बाजूंनी चहा आला. दोन्ही कप त्यांनी संपवले, एक आधी, एक मग, आणि कुणाचा गोड होता ते सांगितलं नाही.

आता काम दुसऱ्या कंपनीकडं आहे. तिथल्या माणसाचा मधे फोन आला. जुन्या बाईंच्या आवाजातलं नाव काढून नवं भरायचं म्हणाला.

"न्हाय बदलायचं," मी म्हणालो.

"अजिबात न्हाय," धाकटा म्हणाला.

"अहो, पण कारण काय लिहू?"

आम्ही दोघांनी पुन्हा तेच सांगितलं. शेवटी कंटाळून त्यानं ते तसंच ठेवलं. बाईंना हे ठाऊकही नसेल. सात वाजता त्या तिकडं नाशिकला पोराचा डबा भरत असतील, आणि त्याच वेळी हितं पिंपळीत आमची हजेरी लावत असतात.