न टेकलेली अक्षरं

आमच्या शाळेत अक्षरं रेघेला टांगतात. दिघीच्या खाडीकाठच्या या कोळीवाड्यात मी बदली होऊन आलो तेव्हा मुलांची अक्षरं ओळीत वरखाली उड्या मारायची. मग मी सांगितलं, आधी वलांडी बांधा, मग तिच्यावर बोंबील घाला. म्हणजे आधी ओळभर शिरोरेघ ओढायची, मग तिच्याखाली अक्षरं लिहायची. मुलांना ते लगेच पटलं. घरोघरी बांबूच्या वलांडीवर मासळी सुकतेच. "सर, मंग उकार म्हंजे खाली पडलेला बोंबील," एक जण म्हणाला, "मांजर न्हेनार त्याला." वर्ग हसला, पण अक्षर सुधारलं. प्रशिक्षणात साहेबांनी मात्र बजावलं होतं की आधी अक्षर, शेवटी रेघ. उलटं शिकवू नका. तिथे मी मान डोलावली आणि वर्गात उलटंच शिकवत राहिलो.

चौथीतल्या एका मुलीचं अक्षर सगळ्यांत देखणं होतं. तिची आई जेट्टीवर मासळी विकते. मुलीचा पेपर मात्र कधी पुरा व्हायचा नाही. तोंडपाठ असलेली उत्तरंही कोरी राहायची. "लिवताना हात अडतो, सर," ती म्हणायची; मी त्याला आळस म्हणायचो.

गेल्या वर्षी शहरातून एक संशोधक मॅडम टॅब घेऊन आल्या. त्याच्या काचेवर मुलांनी खास पेनाने लिहायचं. पेन किती वेगाने गेलं, कुठे दाबलं, कुठे थरथरलं, उचललेलं असताना हवेत कुठे फिरलं, हे सगळं आकड्यांत साठायचं. मग गणिताने त्या रेघांचे बारीक तुकडे पाडून ठरवायचं, या मुलाला लिहिणं जड जातंय का. "अक्षर सुंदर आहे का, ते आम्ही बघतच नाही, सर. ते झालं कसं, ते बघतो," मॅडम म्हणाल्या. ज्यांना जड जातं त्यांच्यासाठी विशेष शिक्षिका येणार होती, परीक्षेत जादा वेळ मिळणार होता.

सुरू करण्याआधी त्यांनी विचारलं, मुलं शब्द लिहून झाल्यावरच वर रेघ मारतात ना? शिरोरेघ हिशेबातून वगळायची होती, आणि शब्दाच्या शेवटी येते ती शिरोरेघ, असं गणिताला सांगून ठेवलेलं होतं. मुख्याध्यापक शेजारीच उभे होते. मी म्हणालो, "हो, पुस्तकाप्रमाणेच."

जेवणाच्या सुट्टीत मॅडम बाहेर होत्या. मी त्या मुलीचं लिखाण टॅबवर पुन्हा चालवून पाहिलं. टेकलेलं पेन निळं दिसायचं, हवेतलं पेन फिकट ठिपक्यांत. आधी एक लांब, सरळ निळी रेघ आली. मग ठिपके. पेन न टेकता 'घ' काढत होतं, अर्ध्यावरून मागे फिरत होतं, पुन्हा काढत होतं. ठिपक्यांचं जाळं झालं. तेव्हा कुठे एक देखणा निळा 'घ' खाली उतरला. पुढच्या अक्षराला परत तेच. मी टॅब ठेवला आणि हात धुवायला गेलो. मॅडमना काही बोललो नाही.

अहवाल आला. मुलगी ठीक होती. तिच्या आधीच ओढलेल्या, न थरथरणाऱ्या लांब रेघा हिशेबात तशाच राहिल्या होत्या आणि त्यांनी अक्षरांची धडपड झाकून टाकली होती. हे मला तेव्हाच कळलं. तरीही तो कागद वर्गात दाखवून मी तिला म्हणालो, "बघ, यंत्रसुद्धा म्हणतंय, तुला काही झालेलं नाही. आता नाटकं बंद. हा कागद आईला दाखव."

तेव्हापासून ते ठिपके डोळ्यांपुढून हलत नाहीत. सही करताना पेन टेकण्याआधी माझा हात अडतो. समोर बसलेल्या कुणाचंही बोट हवेत फिरलं तरी वाटतं, तिथे काहीतरी लिहिलं जातंय आणि मला ते वाचता येत नाही.

दिवाळीनंतर मी मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, मूळ नोंदी आहेत, रेघा वगळून हिशेब पुन्हा मांडता येईल. तो मांडल्यावर मुलीचा निकाल फिरला.

तिच्या आईला सांगायला जेट्टीवर गेलो. ती कोलंबी निवडत होती. मी रेघेपासून फोनपर्यंत सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

"म्हंजे पोर खोटं बोलत न्हवती."

"नाही."

"मी मारलंय तिला, गुरुजी. तुमच्या त्या कागदापायी."

आगरदांड्याहून आलेली फेरीबोट लागली, माणसं उतरली आणि आई गिऱ्हाइकांना भाव सांगू लागली.

आता विशेष शिक्षिका येते, जादा वेळही मिळतो. परवा चाचणीत बाकीची मुलं उठली, तशी हिनेही पेन खाली ठेवलं आणि पेपर पालथा घातला. मी जवळ जाऊन म्हणालो, "तुला अजून वेळ आहे, बाळा."

"व्हय सर," ती म्हणाली. पेन उचललं नाही.

मी खुर्चीवर जाऊन बसलो. तिची वेळ संपेपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून होतो.